सुपारी वाजवणाऱ्याला द्या, पेनड्राइव्हला नको

यात्रा कमिटीच्या बैठकीत एक विषय कायम शेवटी निघतो आणि सगळ्यात जास्त वेळ खातो. मंडप ठरतो, कुस्त्यांची इनामं ठरतात, महाप्रसादाचा आचारी ठरतो आणि मग कुणीतरी म्हणतं, "करमणुकीचं काय?" लगेच दोन तट पडतात. म्हातारी माणसं तमाशा म्हणतात, पोरं डीजे म्हणतात. दोघांचाही मान राखायचा म्हणून पंचमंडळी मधला रस्ता काढतात, ऑर्केस्ट्रा. बायाबापड्यांना बसून बघता येतो, जुनी गाणी असतात, नवीही असतात, भांडण मिटतं. पण ऑर्केस्ट्रा म्हणजे नेमका कुठला, किती माणसांचा, काय वाजवणारा, हे कुणी विचारत नाही. कुणाच्या तरी मेव्हण्याची ओळख निघते, फोन लागतो, विसार जातो. मंडळी, माझं म्हणणं या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

कारण पुढं काय होतं ते तुम्ही पाहिलेलं आहे. वेशीवरच्या बॅनरवर वीसएक माणसांचे फोटो असतात. कुणाच्या हातात गिटार, कुणाच्या तोंडाला सॅक्सोफोन. यात्रेच्या दिवशी टेम्पो येतो तेव्हा त्यातून उतरतात दोन-तीन गायक, एक निवेदक, चार नाचणाऱ्या मुली आणि माणसाच्या उंचीचे आठ बॉक्स. वाद्यं? एक ऑक्टोपॅड असतो, तोही शोभेपुरता. बाकी सगळा वाद्यवृंद एका लॅपटॉपात, नाही तर बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये. गाण्यातला गायकाचा आवाज काढून टाकलेली तयार फीत मिळते, तिला ट्रॅक म्हणतात. ती लावायची आणि वर माइकमधून गायचं. काही बहाद्दर तर गायकाचा आवाजही काढत नाहीत, नुसते ओठ हलवतात. गावानं पैसे मोजले ऑर्केस्ट्र्याचे आणि घरी आली कॅसेट.

आता बघा, आपण बैल घ्यायला बाजारात गेलो तर दात बघतो, खांदा बघतो, चार पावलं चालवून बघतो. बियाण्याची पिशवी घेतली तर लॉट नंबर बघतो, पक्की पावती मागतो, उगवण झाली नाही तर कृषी अधिकाऱ्याच्या दारात उभे राहतो. आणि घरटी वर्गणी काढून, कांद्याच्या पट्टीतले नाही तर उसाच्या बिलातले पैसे घालून जो कार्यक्रम आणतो, त्याचे दात मात्र कुणी बघत नाही. का, तर करमणूक म्हणजे फुकाची गोष्ट असं आपल्या डोक्यात बसलंय. फुकाची नाही राव. वर्गणी देणाऱ्यात मजुरीवर जाणारी बाईही असते.

कुणी म्हणेल, गाणं कानाला गोड लागलं म्हणजे झालं, वाजवतंय कोण याच्याशी काय करायचंय? हा प्रश्न खोटा नाही. त्याचं उत्तर द्यायचं तर थोडं मागं जायला पाहिजे, ज्या गाण्यांवर आपण माना डोलावतो ती तयार कशी झाली तिथपर्यंत.

मुंबईच्या सिनेमात १९४० आणि ५० च्या सुमारास मोठमोठे वाद्यवृंद वाजू लागले. एका गाण्याला व्हायोलिनवाल्यांची रांग, चेलो, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, मेंडोलिन, अकॉर्डियन आणि त्यांच्या जोडीला आपली ढोलकी, ढोलक, तबला, सतार, बासरी. एवढी माणसं एका वेळी एका खोलीत बसून वाजवायची. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. यातले पुष्कळजण गोव्याचे. तिथं चर्चच्या शाळांतून पोरांना लहानपणापासून व्हायोलिन आणि स्वरलिपी वाचायला शिकवत, म्हणून कागद समोर ठेवला की ते लगेच वाजवू शकत. संगीतकार चाल द्यायचा, पण कोणत्या जागी व्हायोलिन उठायचं, कुठं ट्रम्पेटनं उत्तर द्यायचं, हे सगळं कागदावर मांडणारा वेगळा माणूस असायचा, संयोजक. शंकर-जयकिशन यांच्याकडं हे काम सेबॅस्टियन डिसोझा करत, तर त्यांच्याकडचा ठेका सांभाळत दत्ताराम. त्यांच्या ढोलकाच्या चालीला वादक मंडळी आजही 'दत्ताराम ठेका' म्हणतात.

हे सगळं शहरी आणि परकं आहे असं समजू नका. ज्यांनी 'अलबेला' (१९५१) च्या गाण्यांत ट्रम्पेट आणि मराठमोळा ठसका एकत्र नांदवला ते सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, जन्मले १९१८ साली पुणतांब्याला, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. त्यांच्याबरोबर काम करणारा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हा गोव्याच्या हळदोण्याचा. गोदाकाठचं एक गाव आणि गोव्याचं एक गाव, दोघांनी मिळून जे केलं त्यावर देश नाचला.

आणि तरी वाजवणाऱ्याचं नाव कुठंच नसायचं. सिनेमाच्या पाट्यांवर संगीतकार, गीतकार, गायक. व्हायोलिनच्या रांगेत बसलेला माणूस दिवसाचे पैसे घेऊन घरी. गोव्याच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे असेच एक व्हायोलिनवादक आणि संयोजक. त्यांनी १९५८ साली मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात शंभराच्या वर वादकांचा मेळ उभा केला. तो सिनेगीतांचा कार्यक्रम नव्हता, आपल्या रागांवर त्यांनी स्वतः बांधलेल्या रचना होत्या. पण वाजवणारे बरेचसे तेच, स्टुडिओतले, आणि गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. जी माणसं काचेच्या आड वाजवत होती ती त्या दिवशी लोकांसमोर बसली. पुढं १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेला गेले, परत येऊन गावी शांत राहिले आणि २०१२ साली वारले. त्यांचं नाव लोकांच्या तोंडी आलं ते वेगळ्याच वाटेनं. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडं व्हायोलिन शिकलेले. त्यांनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' मध्ये अमिताभ बच्चनच्या पात्राच्या गाण्यात गुरूचं नाव घातलं. ते गाणं आपल्या प्रत्येक लग्नाच्या वरातीत वाजलंय, आणि हे खऱ्या माणसाचं नाव आहे हे नाचणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक होतं?

तर हा मोठा मेळ गावाला कसा आला? तो आलाच नाही. पन्नास माणसं टेम्पोत बसत नाहीत. गावाला आला तो त्याचा आटोपशीर संच. दोन कीबोर्ड, ज्याला आपण सरसकट कॅसिओ म्हणतो, एक लीड गिटार, एक बेस, ड्रम किंवा ऑक्टोपॅड, तुंबा-काँगो, ढोलकी-तबला, जमलं तर बासरी नाही तर सॅक्सोफोन. पंचवीस व्हायोलिनांचं काम एका कीबोर्डवाल्याच्या दहा बोटांवर येतं. गाण्याच्या सुरुवातीचा तुकडा, मुखडा आणि अंतरा यांच्यामधला तुकडा, ओळ संपून दुसरी सुरू होईपर्यंतची भरणी, हे सगळं त्या पोरानं रेकॉर्ड ऐकून ऐकून पाठ केलेलं असतं. वाजवणाऱ्यांच्या भाषेत हे 'पीस'. गायकाची एक ओळ चुकली तर लोक हसून सोडून देतात. पीस चुकला तर मात्र अख्खं गाणं लंगडतं, कारण तो तुकडा तुमच्या-आमच्या कानात गायकाइतकाच बसलेला असतो.

म्हणून पुढच्या वेळी ऑर्केस्ट्र्याला जाल तेव्हा फक्त गाणाऱ्याकडं आणि नाचणाऱ्याकडं बघू नका. जरा बाजूला बसा, स्टेजच्या डाव्या-उजव्या कडेला, जिथून ढोलकीवाल्याचे हात दिसतात. गाणं सुरू व्हायच्या आधी गायक मागं वळून पुटपुटतो, "काळी दोन", "पांढरी चार". ती त्याची पट्टी. आज घसा बसलाय तर अर्धा स्वर खाली. सगळे वादक तेवढ्या वेळात आपापली बोटं सरकवतात. मग ड्रमवाला काठीवर काठी चार वेळा मारतो आणि दहा माणसं एकदम उठतात. नांगराला जुंपलेली बैलजोडी एकदम उचलते तसं. मध्येच लोकांनी शिट्ट्या मारून वन्स मोअर मागितला तर गायक नुसता हात फिरवतो आणि सगळे अंतऱ्यावर परत येतात. लावणी रंगली, समोरचा म्हातारा पटका उडवायला लागला, की ढोलकीवाला त्याच्याकडं बघून दोन आवर्तनं जास्त घालतो. ट्रॅक म्हाताऱ्याकडं बघत नाही. तो तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा असेल तर तेवढ्यातच संपतो, मग समोर कुणी रडत असो की नाचत असो.

लाईट गेली तर? आपल्याकडं जातेच. लॅपटॉपवाल्याचा कार्यक्रम तिथंच बंद. जिवंत संचातही कीबोर्ड, गिटार गप्प होतात हे खरं, पण ढोलकीला वीज लागत नाही. जनरेटर चालू होईपर्यंत ढोलकी, टाळ्या आणि गायकाचा उघडा आवाज, एवढ्यावर गाणं पुढं गेलेलं ज्यानं ऐकलंय तो ते विसरत नाही. मला विचाराल तर त्या पाच मिनिटांत अख्ख्या रात्रीचं गाणं असतं.

हल्ली पोरं म्हणतात, हे जुन्या माणसांचे चोचले, आता सगळं संगीत संगणकावरच होतं. अर्धं बरोबर आहे. ऐंशीच्या दशकापासून सिंथेसायझर आला, पुढं एकेक वाद्य वेगवेगळं ध्वनिमुद्रित करता यायला लागलं आणि स्टुडिओतले मोठे मेळ मोडले. पण दुसरी बाजूही बघा. 'सैराट' (२०१६) ची गाणी डीजेवर वाजवून वाजवून तुम्ही बॉक्स फोडलेत. त्या सिनेमाच्या संगीतासाठी अजय-अतुल थेट अमेरिकेत लॉस एंजेलिसला गेले आणि तिथल्या सोनीच्या स्टुडिओत अख्खा सिंफनी वाद्यवृंद बसवून वाजवून घेतला, खरी व्हायोलिनं, खरी माणसं. हे दोघे भाऊ महसूल खात्यात नोकरी करणाऱ्या बापाचे. बदल्यांच्या निमित्तानं पुणे जिल्ह्यातल्या शिरूर, जुन्नर या भागात त्यांचं लहानपण गेलं. तलाठी आणि सर्कल साहेबांनी हे वाक्य घरच्या पोरांना वाचून दाखवायला हरकत नाही. ज्यांच्याकडं पैसा आणि यंत्र दोन्ही होतं, त्यांना शेवटी हात लागले ते माणसांचेच. आणि ते गाणं ज्या गावांचं, तिथं मात्र ते फुटक्या बॉक्समधून, खालचा धडधडाट तेवढा वाढवून पोचतं. त्यातली व्हायोलिनं कुणाच्या कानापर्यंत जातच नाहीत.

आता पैशाचं बोलू, कारण खरी मेख तिथं आहे. पंधरा माणसांचा संच आणायचा तर पंधरा माणसांची बिदागी, दोन गाड्यांचं डिझेल, दोन वेळचं जेवण. लॅपटॉपला जेवण लागत नाही. आपण फोनवर घासाघीस करतो, "पलीकडच्या गावाला एवढ्यात आला होता की तुमच्यासारखाच." ऑर्केस्ट्रा चालवणारा काय करतो? नाही म्हटलं तर तारीख जाते. हो म्हणतो आणि सॅक्सोफोनवाल्याला सांगतो, तू राहू दे. पुढच्या वर्षी बासरीवाल्याला, मग तुंब्याला. शेवटी बॅनरवर त्यांचे फोटो तेवढे उरतात. म्हणजे फसवणूक झाली हे खरं, पण तिची निम्मी बोलणी आपल्याच समाजमंदिरात झालेली असतात.

हे वादक कुणी परदेशातून येत नाहीत. आपल्याच जिल्ह्यातली पोरं आहेत. कुणी बँडवाल्याचा मुलगा, बापाकडून क्लॅरिनेट शिकलेला. कुणी भजनात पखवाज वाजवत मोठा झालेला. कुणाच्या घरात हलगी आणि सनई पिढ्यान्पिढ्याची. चैत्र-वैशाखाच्या यात्रा, गणपती, नवरात्र, एवढाच त्यांचा हंगाम. बाकी वर्षभर कुणी टेम्पो चालवतो, कुणी रोजंदारीवर जातो. आपल्या पिकाला जसा हंगाम, तसाच यांना, फरक एवढाच की यांना हमीभाव नाही, विमाही नाही. २०२० आणि २०२१, असे लागोपाठ दोन चैत्र कोरोनानं खाल्ले. ते सावरतात न सावरतात तोवर समोर पेनड्राइव्ह उभा राहिला. एकदा वाजवणारा हात सुटला की पुढच्या पोराला शिकवणारं कुणी राहत नाही. तीस वर्षांत आपण गावातला लोहार, सुतार असाच घालवला. आज विळ्याला पाणी द्यायचं तर तालुक्याला जावं लागतं.

तमाशावाल्यांकडून या बाबतीत शिकण्यासारखं आहे. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच तिथं जातात, फडात माणसं किती, ढोलकी कुणाची, नाच्या-सोंगाड्या कोण, हे समोरासमोर विचारतात, घासाघीस तिथंच होते आणि करार लिहिला जातो. ऑर्केस्ट्र्याची बोलणी मात्र आपण भ्रमणध्वनीवर उरकतो. बॅनरचा फोटो बघून.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. ट्रॅक ही काही पापाची वस्तू नाही. गावातल्या शाळेचे गुरुजी, दवाखान्यातल्या सिस्टर, दोन-चार हौशी मंडळी जमून ट्रॅकवर गाणी म्हणतात, कोजागिरीला, गणपतीत, तर त्याचं कौतुकच करावं. लहान वाडी आहे, पन्नास उंबऱ्यांची, पंधरा माणसांचा संच परवडत नाही, तिनं ट्रॅकवरचा कार्यक्रम आणला तर कुणी नाकं मुरडू नयेत. फक्त त्याला ऑर्केस्ट्रा म्हणू नये आणि ऑर्केस्ट्र्याचा भाव देऊ नये. वनस्पती तूप खाणं हा गुन्हा नाही, गावरान म्हणून विकणं हा आहे.

दुसरं, या शब्दाची अब्रू बरीच गेली आहे आणि त्याला वादक जबाबदार नाहीत. डान्स बारवर राज्यात २००५ साली बंदी आली तेव्हा कित्येक बारवाल्यांनी ऑर्केस्ट्र्याच्या परवान्याखाली धंदा चालू ठेवला. तेव्हापासून वर्तमानपत्रात 'ऑर्केस्ट्रा' हा शब्द आला की पुढं 'छापा' हा शब्द येतोच. गावातही काही ठिकाणी गाणं कमी आणि अंगविक्षेप जास्त झाले. पुढच्या रांगेत नोटा उडवणारे आले, तसा बायांनी मंडपातून काढता पाय घेतला. आता ज्या कार्यक्रमाला गावातल्या निम्म्या माणसांनी यायचंच नाही, त्याची वर्गणी घरटी कशी काय? यावर उपाय कठीण नाही. स्टेजपासून मागपर्यंत मधोमध वाट सोडून एक बाजू बायकांसाठी ठेवा, त्या बाजूला उजेड ठेवा, आणि स्टेजवर चढणाऱ्याला उतरवायला चार धट्टीकट्टी, शुद्धीवर असलेली माणसं उभी करा. कुस्तीच्या फडात शिस्त ठेवता येते, मग इथं का नाही?

आता कायदा. हे पोलीस पाटील, सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या साहेबांनी नीट वाचावं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. सण-उत्सवासाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवून देता येते, आणि आपल्याकडं ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. तुमच्या यात्रेचा दिवस त्या यादीत आहे असं धरून चालू नका, आधी विचारा, लेखी घ्या. राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात त्याहून ५ कमी. डेसिबलचा हिशेब गमतीचा आहे. १० नं वाढला म्हणजे थोडा वाढला असं नाही, ध्वनीची ताकद दसपट होते. २० नं वाढला तर शंभरपट. डीजेच्या बॉक्ससमोर उभं राहिल्यावर छातीत धडधडतं, गोठ्यातली म्हैस दावं तोडते, ते काही उगाच नाही. जिवंत वाद्यांच्या संचाला एवढ्या आवाजाची गरज पडत नाही, उलट आवाज बेसुमार झाला तर वादकांना एकमेकांचं ऐकू येत नाही आणि गाणंच मोडतं. म्हणून चांगला ऑर्केस्ट्रावाला स्वतःच आवाज आवरतो.

दहाची वेळ म्हटली की कमिटीवाले कपाळाला हात लावतात, "मग कार्यक्रम करायचा कधी?" मी सांगतो वेळ कुठं जातो. पत्रिकेवर सात लिहिलेलं असतं. साडेसातला स्टेज तयार. मग पाहुण्यांची वाट. आठला गाडी येते. मग सत्कार. माजी सभापती, आजी सभापती, होऊ घातलेले सभापती. शाल, श्रीफळ, फेटा. फेटा बांधायला प्रत्येकी पाच मिनिटं, कारण बांधणारा एकच. ज्यांनी सत्कार केला त्यांचाही सत्कार. प्रत्येकाचे दोन शब्द, आणि ते दोन शब्द कधी दोन नसतात. मागं दहा वादक वाद्यं जुळवून, हात गार पडलेले, बसून आहेत. सव्वानऊला पहिलं गाणं. त्यातही अंतऱ्यामध्ये निवेदकाच्या हातात चिठ्ठी, "अमुक आबांकडून एकशे एक रुपये बक्षीस." दहा वाजता हवालदार येऊन काठी आपटतो आणि लोक पोलिसांना शिव्या घालत घरी जातात. पंचेचाळीस मिनिटांचं गाणं आणि पावणेदोन तासांचे फेटे!

यावर माझी सूचना अशी. सगळे सत्कार दुपारी कुस्त्यांच्या फडात उरका. तिथं गर्दी जास्त असते, पुढाऱ्यांनाही तेच बरं वाटेल. ऑर्केस्ट्रा उन्हं कलली की साडेसहाला सुरू करा. धारा काढून माणसं येतात तोवर देवाची, जुनी गाणी चालू द्या. साडेतीन तास मिळतात, भरपूर झाले. बक्षिसाच्या चिठ्ठ्या एका डब्यात गोळा करून शेवटी एकदाच वाचायच्या. आणि एक वाचन मात्र सुरुवातीलाच व्हावं, निवेदकाला तसं आधी सांगून ठेवा. ढोलकीवर कोण, कीबोर्डवर कोण, बासरीवर कोण, प्रत्येकाचं नाव आणि गाव. आपल्या शेजारच्या गावाचं नाव निघालं की मंडपात टाळ्या पडतात की नाही बघा.

सुपारी देण्याआधी कमिटीतल्या दोघांनी त्या संचाचा दुसऱ्या गावातला कार्यक्रम जाऊन ऐकावा. रिकाम्या हातानं, न कळवता. साधा कागद करावा, त्यावर वादक किती, वाद्यं कुठली, गायक किती, वेळ किती ते लिहावं. बॅनरवर जेवढी वाद्यं तेवढी स्टेजवर वाजली पाहिजेत आणि एखादा वादक कमी पडला तर बिदागी किती कमी होणार, हेही आत्ताच ठरवावं. त्या बदल्यात आपणही आपली बाजू लिहून द्यावी. स्टेज किती फुटांचं, जनरेटर कुणाचा, मुक्कामाची सोय कुठं, जेवण किती ताटांचं. महावितरणकडून तात्पुरती जोडणी रीतसर घ्यावी. आकडा टाकून स्टेज पेटवायचं आणि ओल्या जमिनीवर गिटारवाल्याला उभं करायचं, हा त्याच्या जिवाशी खेळ आहे. अर्थिंगची तार जमिनीत पुरली आहे का, हे वायरमनला विचारून घ्यावं, डोळ्यांनी बघावं.

वादकांचं जेवण कार्यक्रमाआधी उरकावं, पंगतीत पाहुण्यांच्या रांगेला, मागच्या पडवीत नाही. आणि राहिलेले पैसे टेम्पो भरायला घेण्याआधी हातात द्यावेत. रात्री उशिरा कुत्र्यांच्या भुंकण्यातून खजिनदाराचं घर शोधत फिरलेला ऑर्केस्ट्रावाला पुढच्या चैत्रात तुमच्या गावचा फोन उचलत नाही, आणि उचललाच तर लॅपटॉप घेऊन येतो.